कीर्द, खतावणी आणि एआय एजंट: डेटा बदलणाऱ्या कमांडची माहिती कशी लिहावी

कळमना मार्केटच्या बाजूला एक कोल्ड स्टोरेज आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये भिवापूर-उमरेडकडून मिरचीची पोती यायला लागली की तिथे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काटा चालू असतो. आमची टीम बसते शहराच्या दुसऱ्या टोकाला, परसोडीच्या आयटी पार्कजवळ. त्या कोल्डमधल्या मालाचा हिशोब ठेवणारी यंत्रणा आम्ही सांभाळतो. तिच्यावर आम्ही एक एआय एजंट बसवला आणि साठ्याचा तक्ता बदलणारी एक कमांड त्याला वापरायला दिली. त्या कमांडची माहिती लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलेल्या माहितीत एक गोष्ट राहून गेली, आणि एका सकाळी काही लॉटची पोती साठ्यात होती त्याहून जास्त दिसायला लागली.

भाड्याची बिलं निघण्याआधी तिथल्या दिवाणजींच्या ते लक्षात आलं. कोल्डमध्ये भाडं पोत्यावर लागतं, त्यामुळे जास्तीच्या प्रत्येक पोत्याचे पैसे कुणाच्या तरी खिशातून गेले असते. दिवाणजी रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "काय जी, तुमच्या मशीनच्या कीर्दीत खा.पा. नाही का? पान नाही टाकलं तं कसं समजन, चढवलं का नाही ते?"

अकरावीला कॉमर्स घेतलेल्यांना हा रकाना आठवत असेल. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीत, दिनांक, तपशील, खा.पा., नावे आणि जमा असे रकाने असतात. खा.पा. म्हणजे खाते पान. कीर्दीतली नोंद खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत, ज्या पानावर चढवली, त्या पानाचा नंबर तिथे लिहायचा. त्यामुळे नोंद शोधायला सोपी जातेच, पण दिवाणजींच्या लेखी त्याचं मोठं काम वेगळं आहे. रकाना रिकामा असेल तर नोंद अजून चढायची आहे, भरलेला असेल तर चढलेली आहे. मधेच जेवायला उठलेला माणूस परत येऊन बसला, किंवा त्याच्या जागी दुसराच बसला, तरी एकच नोंद दोनदा चढत नाही.

आमच्या कमांडला असा रकाना नव्हता, आणि तो नाही हे माहितीतही लिहिलेलं नव्हतं.

वाचणारी कमांड, लिहिणारी कमांड

वेअरहाउस म्हणजे गोदाम. डेटा वेअरहाउसमध्ये पोत्यांऐवजी नोंदी असतात. काट्यावरचं वजन, गेटवरची गाडी, भाड्याची बिलं, सगळं ठिकठिकाणाहून आणून एका जागी रचलेलं. स्नोफ्लेक, बिगक्वेरी, रेडशिफ्ट ही त्यातली जगभर चालणारी नावं. या गोदामाला लोक जे विचारतात ते बहुतेक वेळा नुसतं वाचण्यापुरतं असतं. "मार्चमध्ये उमरेडकडून किती पोती आली?" हे शंभर वेळा विचारलं तरी आतलं काही हलत नाही. प्रश्न चुकला तर उत्तर चुकेल, मग प्रश्न सुधारून पुन्हा विचारायचा.

लिहिणाऱ्या कमांड मोजक्या आहेत. इन्सर्ट नवी ओळ घालते, अपडेट असलेली ओळ बदलते, डिलीट ओळ काढून टाकते. चौथी मर्ज. ती रोजच्या कामात फार उपयोगी पडते, पण नीट समजावून सांगायला सगळ्यांत अवघड. तिला दोन तक्ते लागतात, एक आजच्या आवकेचा आणि एक एकूण साठ्याचा. आवकेतली एकेक ओळ घ्यायची आणि तोच लॉट नंबर साठ्यात आहे का ते पाहायचं. असेल तर ती ओळ बदलायची, नसेल तर नवी घालायची. हे कीर्दीवरून खतावणी करणंच झालं. डेटाबेसशी बोलण्याच्या एसक्यूएल या भाषेच्या प्रमाणात मर्ज २००३ साली आली, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये यायला मात्र २०२२ उजाडलं. आमची 'साठा-मिळवणी' ही कमांड म्हणजे मर्जभोवती गुंडाळलेली दोन-तीन कामं.

आता एजंट. भाषा समजणारं एक मॉडेल आणि त्याच्या हातात दिलेली काही अवजारं, असा तो असतो. "कालची आवक साठ्यात घे" असं आपण साध्या मराठीत लिहितो. कोणती कमांड लागेल ते तो ठरवतो, चालवतो, आलेलं उत्तर वाचतो आणि पुढचं पाऊलही ठरवतो. कमांडबद्दलची त्याची माहिती दोन ठिकाणांहून येते. एक म्हणजे प्रशिक्षणात वाचलेलं सर्वसाधारण ज्ञान, दुसरं म्हणजे आपण लिहून दिलेला मजकूर. शेजारच्या टेबलावरचा जुना माणूस त्याला नसतो.

दुकानात नवा मुलगा लागला की पहिले काही दिवस वहीला हात लावताना तो थबकतो. "काका, हे कालचं चढवलं होतं का?" असं विचारतो. आपण आजवर लिहिलेली माहितीपत्रकं त्या थबकण्यावर टेकलेली आहेत. त्यांत पुष्कळ काही लिहिलेलं नसतं, कारण अडलं तर वाचणारा विचारेल हे लिहिणाऱ्याच्या मनात पक्कं असतं. एजंटलाही थांबून विचारता येतं, पण कुठे थांबायचं ते त्याला सांगावं लागतं. जिथे सांगितलेलं नसतं तिथे तो अंदाज करतो. तो अंदाज बहुतेक वेळा इतका समंजस असतो की चुकला तरी लवकर ओळखू येत नाही, आणि मला खरी भीती याचीच वाटते.

माणूस थबकेल या भरवशाने बांधलेल्या गोष्टी यंत्रापुढे कशा कोसळतात, हे वीस वर्षांपूर्वी एकदा दिसून गेलं आहे. मे २००५ मध्ये गूगलने वेब अ‍ॅक्सिलरेटर नावाचं साधन आणलं. माणूस एक पान वाचत असतानाच त्यावरच्या लिंक गुपचूप उघडून ठेवायच्या, म्हणजे क्लिक केल्याबरोबर पुढचं पान दिसेल, अशी ती कल्पना होती. पण काही वेब अ‍ॅपमध्ये "काढून टाका" हीसुद्धा साधी लिंकच होती. साधनाने तीही उघडली आणि लोकांच्या नोंदी गेल्या. "नक्की काढायचं ना?" असं विचारणारी खिडकीही काही ठिकाणी ठेवलेली होती, पण साधन त्या खिडकीपाशी थांबलंच नाही. नुसतं काही मागवल्याने आतलं बदलू नये, हा संकेत एचटीटीपी या वेबच्या नियमावलीच्या १९९९ च्या प्रमाणात लिहून ठेवलेला होता. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी तो पाळला नाही, कारण "काढून टाका" हे शब्द वाचून कुणी उगाच क्लिक करणार नाही हे त्यांनी धरून चाललं होतं.

दुसऱ्यांदा चालली तर काय होतं

डेटा बदलणाऱ्या कोणत्याही कमांडच्या माहितीत मी आता सगळ्यांत आधी याचं उत्तर शोधतो.

आमच्याकडे घडलं ते असं. समजा लॉट ४१२ ची ६० पोती साठ्यात आहेत आणि काल आणखी ४० आली. पहिल्या रूपातली आमची कमांड आवकेतला आकडा साठ्यात मिळवायची, म्हणजे ६० चे १०० व्हायचे. त्या रात्री एजंटने कमांड चालवली, वेअरहाउसने काम पूर्ण केलं, पण "झालं" हा निरोप परत पोचायच्या आत जोडणी तुटली. एजंटला एवढंच दिसलं की वेळ संपली आणि उत्तर आलं नाही. माहितीत मी लिहिलं होतं, "आवक साठ्यात मिळवते. अपयश आल्यास पुन्हा प्रयत्न करावा." त्याने पुन्हा प्रयत्न केला आणि १०० चे १४० झाले.

निरोप न येणं वेगळं आणि काम न होणं वेगळं. यूपीआयने पैसे पाठवताना चक्र फिरत राहिलं तर आपण लगेच दुसऱ्यांदा पाठवत नाही, आधी बँकेचा मेसेज पाहतो. हे शहाणपण आपल्याला कुणी लिहून दिलेलं नाही, एकदा पोळल्यावर आलं. एजंटला ते लिहूनच द्यावं लागतं.

कमांड दुसऱ्यांदा चालली तरी निकाल तोच राहत असेल तर तिला आयडेम्पोटंट म्हणतात. लिफ्टचं बटण पाच वेळा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते, तसं. "लॉट ४१२ चा साठा १०० कर" ही सूचना आयडेम्पोटंट आहे. "लॉट ४१२ मध्ये ४० मिळव" ही नाही. दोन्ही मर्जनेच लिहिता येतात आणि बाहेरून सारख्याच दिसतात. फरक आतल्या एका अधिकच्या चिन्हाचा असतो. म्हणून "ही कमांड मर्ज वापरते" एवढं लिहून भागत नाही. हे वाक्य खरं आहे, पण वाचणाऱ्याला हवं ते त्यात नाही.

मग मी माहिती सुधारायला बसलो आणि ती नीट लिहिताच येईना. "अपयश आल्यास पुन्हा चालवू नये, आधी साठ्याचा तक्ता पाहून कालची आवक चढली आहे का ते ठरवावं" असं लिहिलं, तर प्रश्न आला की ठरवायचं कशावरून? १०० पोती दिसतात म्हणजे ६० अधिक ४० झाले, की आधीपासूनच १०० होती? तक्त्यात तशी काही खूणच नव्हती. माझं एक ठाम मत तेव्हा बनलं. माहितीतलं एखादं वाक्य लिहिताना सारखी पंचाईत होत असेल, तर शब्द शोधत बसू नये, कमांडच पुन्हा उघडावी. आम्ही उघडली. प्रत्येक आवकेला खेप क्रमांक दिला, चढलेल्या खेपांचा वेगळा तक्ता केला, आणि खेप त्यात आधीच असेल तर कमांडने साठ्याला हात न लावता परत फिरायचं, असं केलं. दिवाणजींचा खा.पा. रकाना शेवटी असा आला.

साठा बदलणं आणि खेपेची खूण करणं ही दोन्ही कामं एकाच व्यवहारात, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये बांधली. झाली तर दोन्ही होतील, नाही तर एकही होणार नाही. साठा बदलला आणि खूण राहिली, अशी मधली अवस्था उरली असती तर सगळा खटाटोप वाया गेला असता. भाड्याची फेरमोजणी मात्र या व्यवहाराच्या बाहेर, मागाहून होते. तेही लिहून ठेवलं, कारण कमांड "झालं" म्हणाल्यावर काही मिनिटं साठा नवा आणि भाडं जुनं अशी स्थिती असते. त्या मिनिटांत एजंटने भाड्याचा आकडा कुणाला सांगू नये.

आता त्या माहितीची सुरुवात अशी आहे:

"साठा-मिळवणी: एका खेपेची आवक साठ्याच्या तक्त्यात चढवते. साठा, खेपा आणि भाडे हे तीन तक्ते बदलते. तीच खेप पुन्हा दिली तर काहीही बदलत नाही आणि 'खेप आधीच चढलेली' असं उत्तर येतं. हे उत्तर म्हणजे बिघाड नव्हे. उत्तर आलंच नाही तर त्याच खेप क्रमांकाने पुन्हा चालवणं सुरक्षित आहे. खेप क्रमांक बदलून पुन्हा चालवू नये."

शेवटचं वाक्य आम्ही चाचणीनंतर घातलं. "आधीच चढलेली" हे उत्तर आल्यावर एजंटने नवा खेप क्रमांक बनवून तीच आवक पुन्हा चढवायचा प्रयत्न केला होता. त्याच्या दृष्टीने वाटेत अडथळा आला आणि त्याने तो ओलांडला. हे चाचणीच्या तक्त्यावर घडलं म्हणून बरं.

रिकामा लॉट नंबर, "निल" आणि "काल"

साठ्यात आधीच असलेला एकच लॉट आवकेच्या यादीत दोनदा आला तर मर्जने कोणती ओळ धरायची? बिगक्वेरी आणि पोस्टग्रेस अशा वेळी चूक दाखवून थांबतात. स्नोफ्लेकही मुळात थांबतं, पण ते थांबणं बंद करण्याची एक सेटिंग तिथे आहे. ती बंद केली तर दोनपैकी कोणती ओळ लागू होईल याची काही हमी नाही. तेव्हा "दुहेरी ओळ आल्यास थांबते" असं लिहिण्याआधी आपल्याकडे ती सेटिंग कशी आहे ते उघडून पाहावं.

रिकाम्या लॉट नंबरची गोष्ट आणखी फसवी आहे. एसक्यूएलमध्ये रिकामं म्हणजे नल, आणि नल कशाच्याही बरोबरीचं नसतं, दुसऱ्या नलच्याही नाही. काट्यावरच्या माणसाने घाईत लॉट नंबर टाकला नाही, तर ती ओळ साठ्यातल्या कुठल्याच ओळीशी जुळत नाही. आधी अशीच ओळ चढलेली असली तरी नाही. मर्ज तिला नवी समजून घालते, पुन्हा आली की पुन्हा घालते. आम्ही कमांडलाच अशा ओळी बाजूला काढायला लावलं आणि माहितीत लिहिलं की बाजूला काढलेल्या ओळींची संख्या उत्तरात येते, ती शून्य नसेल तर माणसाला कळवावं. लॉट नंबर अंदाजाने भरू नये, हेही स्पष्ट लिहिलं. एजंट उपकार म्हणून भरून देईल, ही शक्यता खरी आहे.

हे झालं यंत्राचं. आपल्या बोलण्यातले शब्दही तितकेच घात करतात. कोल्डमध्ये माल पूर्ण उचलला गेला की म्हणतात, "लॉट निल झाला." म्हणजे पोती शून्य. ओळ मात्र राहिली पाहिजे, कारण भाड्याचा हिशोब त्याच ओळीवर पुढे चालतो. "लॉट ४१२ निल कर" असं कुणी लिहिलं आणि एजंटच्या हातात डिलीट असेल, तर तो ओळच काढून टाकू शकतो, आणि आपल्या परीने त्याने सांगितलेलंच केलेलं असेल. "साफ कर" आणि "क्लिअर कर" यांचंही तेच. म्हणून माहितीच्या पहिल्या पानावरच आम्ही आमच्या धंद्याचे शब्द दिले. निल म्हणजे पोत्यांचा आकडा शून्य, ओळ कायम. रद्द म्हणजे चुकीची नोंद, तिच्यासमोर उलटी नोंद घालायची, मूळ नोंद कायम. काढून टाकणे हे काम या एजंटचं नाही. चुकलेल्या नोंदीवर खोडाखोड न करता उलटी नोंद घालावी, हा वहीचा जुनाच नियम आहे, आणि वेअरहाउसला तो फार शोभतो.

"काल" हा शब्द आम्हाला अपेक्षेपेक्षा जड गेला. बिगक्वेरीला आजची तारीख विचारली आणि वेळेचा पट्टा सांगितला नाही, तर ती जागतिक प्रमाणवेळेने उत्तर देते. नागपूर त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्री एक वाजता कळमन्यात गाड्या उतरत असतात आणि वेअरहाउसच्या घड्याळात अजून आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसात असतात. त्या वेळी एजंटने वेअरहाउसच्या घड्याळाने "काल" धरला, तर तो आपला परवा निघतो. गाड्या नेमक्या रात्रीच येतात, त्यामुळे ही चूक मिरचीच्या हंगामात रोज झाली असती. आता कमांड "काल" आणि "आज" घेतच नाही. भारतीय वेळेनुसारची पूर्ण तारीख द्यावी लागते.

आधी पाहणं, मग मागे घेणं

बदल करण्याआधी तो नुसता दाखवणारी सोय असेल तर ती वापरायला सांगावी, हे कुणालाही सुचेल. पण ती सोय नेमकं काय दाखवते, हेही लिहायला हवं. बिगक्वेरीत ड्राय रन आहे. कमांडची रचना बरोबर आहे का आणि ती किती डेटा वाचेल, एवढं तो सांगतो. किती ओळी बदलतील हे तो सांगत नाही. "ड्राय रन यशस्वी" हे वाचून एजंटने "म्हणजे धोका नाही" असं मानलं, तर चूक त्याची कमी आणि आपल्या मजकुराची जास्त. आम्ही साठा-मिळवणीला आमचा वेगळा 'पूर्वदर्शन' पर्याय दिला. किती ओळी नव्या, किती बदलणार, पोत्यांची बेरीज आधी किती आणि नंतर किती, हे तो दाखवतो. नंतरची बेरीज काट्याच्या बेरजेशी जुळली नाही तर पुढे जायचं नाही. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची जमा-नावेची बेरीज, जुळल्याशिवाय वही बंद करत नाहीत, तसंच हे.

मागे घेण्याबद्दल "गरज पडल्यास पूर्ववत करता येते" असं गुळमुळीत लिहिलेलं मी पुष्कळ ठिकाणी वाचलं आहे. किती दिवसांपर्यंत? कुणाला? कशाच्या किमतीवर? स्नोफ्लेकमध्ये जुनी अवस्था पाहण्याची मुदत मुळात एक दिवस असते, वरच्या आवृत्तीत ती ९० दिवसांपर्यंत वाढवता येते. बिगक्वेरीत ती सात दिवस असते, कमी करून दोनपर्यंत आणता येते. पोस्टग्रेसमध्ये अशी सोयच नाही. बदल एकदा कायम झाला की बॅकअप शोधायचा. शनिवारी रात्री झालेली चूक सोमवारी सकाळी दिसली आणि मुदत एका दिवसाची असेल, तर ते दार बंद झालेलं असतं. म्हणून सर्वसाधारण वाक्य न लिहिता त्या तक्त्याची खरी मुदत तासांत लिहावी, आणि सेटिंग बदलली की त्याच दिवशी मजकूर बदलावा.

शिवाय पूर्ण तक्ता मागच्या वेळेवर नेला, तर मधल्या काळातल्या बरोबर नोंदीही जातात. रात्री एकची चूक सकाळी दहाला मागे घेताना मधल्या नऊ तासांत उतरलेल्या गाड्या हिशोबातून नाहीशा होतील. त्यामुळे आमच्याकडे मागे घेणं म्हणजे त्या खेपेची उलटी नोंद. तक्ता मागे नेण्याचा अधिकार एजंटला नाही. आणि एकदा बिलाचा एसएमएस शेतकऱ्याच्या फोनवर गेला की कुठलीच कमांड तो परत आणत नाही, हेही माहितीत लिहिलं आहे.

जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एजंटने एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसला. कोणताही बदल करू नको असं सांगितलेलं असताना पुसला, आणि वर आता परत आणता येणार नाही असंही सांगितलं. प्रत्यक्षात डेटा परत आणता आला. मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मागे घेण्याचा रस्ता असूनही एजंटने तो नाही म्हणून सांगितलं. त्या क्षणी घाबरलेला माणूस एजंटच्या शब्दावर विसंबून राहिला असता, तर हाताशी असलेला उपायही सोडून दिला असता.

मजकूर कुठे आणि कुलूप कुठे

एजंट पूर्ण पुस्तिका वाचेलच असं नाही. पुष्कळदा त्याच्यापुढे शोधून काढलेला एखादा तुकडाच येतो. कमांड पान दोनवर आणि तिचा धोका पान सहावर असेल, तर धोका त्याच्यापर्यंत पोचत नाही. धोका कमांडला चिकटूनच लिहावा, "वर सांगितल्याप्रमाणे" असं कुठे म्हणू नये. उदाहरणं तर जपूनच द्यावीत. उदाहरणात जे लिहिलेलं असेल ते तसंच्या तसं उचललं जातं. माझ्या पहिल्या मसुद्यात उदाहरण खऱ्या साठ्याच्या तक्त्याचं होतं. आता सगळी उदाहरणं चाचणीच्या तक्त्याची आहेत आणि खेप क्रमांकाच्या जागी असा शब्द आहे की तो तसाच ठेवला तर कमांड नाकारते.

कमांड नाकारते तेव्हा ती जे बोलते, तीही माहितीच आहे, आणि ऐन वेळी वाचली जाणारी. "चूक क्रमांक १७" यावर एजंट तर्क लढवत बसेल. "ही खेप ११ मार्चला चढली आहे, पुन्हा चढवायची गरज नाही" यावर तो थांबेल.

अवजारं एजंटला जोडण्याची एक पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडली. त्यात प्रत्येक अवजारावर काही चिठ्ठ्या लावता येतात: हे फक्त वाचतं का, हे नासधूस करू शकतं का, दुसऱ्यांदा चालवलं तर निकाल तोच राहतो का. मला त्यातला एक निर्णय फार पटला. चिठ्ठी लावलीच नाही, तर ते अवजार लिहिणारं आहे, नासधूस करू शकतं आणि दुसऱ्यांदा चालवणं सुरक्षित नाही, असं धरायचं. म्हणजे न लिहिलेल्या जागेचा अर्थ परवानगी असा होत नाही. मात्र या चिठ्ठ्या सूचना आहेत, हमी नव्हेत, असंही तिथेच लिहिलेलं आहे.

आमचा मजकूरही तसाच आहे. तो कितीही नीट लिहिला तरी दाराला कुलूप लागत नाही. कुलूप म्हणजे अधिकार. आमच्या एजंटच्या खात्याला साठ्यावर थेट अपडेट किंवा डिलीट चालवता येत नाही, फक्त साठा-मिळवणी चालवता येते. काट्याच्या यादीत 'शेरा' नावाचा मोकळा रकाना आहे, तिथे कुणी "जुन्या नोंदी काढून टाका" असं लिहिलं, तर एजंटने तो हुकूम समजू नये असं मजकुरात लिहिलं आहे. पण त्यावर माझी झोप अवलंबून नाही, कारण काढून टाकायची किल्लीच त्याच्याकडे नाही.

सगळं लिहून झाल्यावर मी मराठीतली प्रत छापून कळमन्याला घेऊन गेलो. दिवाणजींनी चष्मा लावून ती सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचली. निल आणि रद्दच्या व्याख्यांपाशी मान हलवली. शेवटचं पान उलटून त्यांनी विचारलं, "हे तं ठीक आहे जी. पण रात्री दोनले मशीनले शंका आली तं ते विचारन कोणाले?"

मी ठिकठिकाणी "माणसाला कळवावं" असं लिहिलं होतं. कोणत्या माणसाला, आणि त्या वेळी तो जागा असेल का, ते कुठेच नव्हतं. तिथेच, काट्याशेजारच्या टेबलावर बसून आम्ही दोघांनी ते ठरवलं. रात्री दहा ते सकाळी सात या वेळेत बेरीज जुळली नाही किंवा ओळी बाजूला निघाल्या, तर खेप चढवायची नाही, 'थांबलेल्या' यादीत ठेवायची आणि काट्यावरच्या सुपरवायझरला निरोप द्यायचा. सकाळी सातनंतर दिवाणजींना. त्यांनी पेनाने समासात आणखी एक ओळ लिहिली, "थांबलेल्या खेपेचा माल जागेवरच राहील, लॉट हलवू नये," आणि प्रत माझ्याकडे परत दिली.